थोड्याच वेळात सामना सुरू होत आहे

२८ नोव्हेंबर २०२४

धनराजभाऊ,

अक्षर पाहून पत्र माझं आहे हे तू ओळखलं असशील. तरी उघडलंस, यातच आज मी समाधान मानते. फोन तू उचलत नाहीस. दीपिका वहिनी उचलते, "ते बाहेर गेले जी बाई" म्हणते, आणि मागून तुझं खोकणं ऐकू येतं. जन्मभर आवाजाचा धंदा केलास आणि साधा खोकला लपवता येत नाही तुला!

मी भांडायला लिहीत नाही. समेट करायलाही लिहीत नाही. धानोऱ्याला सासुरवाडीच्या गावी बिछायत केंद्र टाकलंस, लग्नाला नि तेरवीला तुझेच मंडप लागतात, असं कानावर आलं. चांगलं झालं. इथे आईच्या घराची पुढची खोली, जिथे तुझ्या गाद्या आणि भोंगे राहायचे, ती तशीच आहे. मी तिथे काही ठेवलं नाही. एक भोंगा मात्र तू विसरून गेलास. मैदानाच्या कडेच्या मोहाच्या झाडावर तो अजून टांगलेला आहे. वायर तुटली आणि आत चिमण्यांनी काड्या भरल्या.

दिव्यानीला अकरावं लागलं. अजून तिचं स्वतःचं असं एक वाक्य नाही. बोलते ते सगळं तुझं, तुझ्याच हेलात. भूक लागली की "मध्यंतर झालेले आहे." न्हायचं नसलं की "पंचांचा निर्णय अंतिम राहील." रविवारी ऊर्जानगरहून तिच्या बाबांची गाडी अंगणात शिरली की "पाहुण्या संघाचे मैदानावर आगमन झालेले आहे." ते हेल्मेट काढून हात जोडतात आणि मग ती हसते. शेजारची रुखमाबाई म्हणते, "पोरीच्या पोटात धनराज बसला हाये." डॉक्टरांनी ऑटिझम सांगितल्यावर ऊर्जानगरचं क्वार्टर सोडून मी तिला घेऊन इथे आले ते शांततेसाठी. पण या घराच्या ओट्यावर बसून, धानाच्या बांध्यांवरून येणारी तुझी कॉमेंट्री ऐकून तिला वाचा फुटली, हे काही मी नाकारत नाही.

एक वाक्य मात्र ती भ्यायली की म्हणते. ते तुला माहीत आहे. गेल्या वर्षी गावच्या फुटबॉल टूर्नामेंटच्या फायनलला मी पहिल्यांदाच तिला मैदानावर नेलं. गोल झाला, फटाक्यांची लड पेटली, ढोल सुरू झाला आणि ती कान दाबून सरळ खेळात घुसली. आणि तू साऱ्या गावासमोर माईकवर म्हणालास, "कोनाची पोरगी हाये ते? तिले बांधून ठेवा."

बांधून ठेवा म्हणालास त्याचा राग आला. पण कोणाची पोरगी आहे हे तुला माहीत होतं, भाऊ. माईकची वायर उपटून मी तुला जे बोलले ते मी परत घेणार नाही. तुला ते लागलं, तू गाव सोडलंस. ठीक आहे.

आता मुद्द्याचं. चंद्रपूरला दिव्यानीला शिकवणाऱ्या रीना मॅडम आहेत. त्या सांगत होत्या, मोठ्या शहरांतल्या स्टेडियममध्ये अशा मुलांसाठी वेगळी शांत जागा ठेवतात. कानांवर लावायला कानपट्ट्या देतात. काय काय घडणार ते आधी फोटो दाखवून समजावतात. मी म्हटलं, मॅडम, आमच्याकडे स्टेडियम नाही, धान कापलेली बांधी आहे. त्या म्हणाल्या, मग तर जागाच जागा.

म्हणून मी कमिटीकडे एक सामना मागणार आहे. ढोल नाही, फटाके नाहीत, शिट्ट्या नाहीत. मला माझ्या पोरीला एक अख्खा सामना दाखवायचा आहे, पळत घरी न येता. तुला कळवते ते एवढ्याचसाठी, की उद्या दुसऱ्याकडून ऐकून म्हणशील, बहिणीनं माझ्यामागे मैदान बाटवलं.

सरिता


२७ डिसेंबर २०२४

भाऊ,

तुझं उत्तर नाही. मी वाटही पाहिली नव्हती, असं लिहिणार होते. पोस्टमन दिसला की ओट्यावर येते, हे रुखमाबाई तुला सांगेलच कधी भेटली तर.

कमिटीची सभा झाली. भैयाजी अध्यक्ष, अजूनही बोलताना आधी टोपी काढतात आणि मग विसरून जातात कुठे ठेवली. म्हणाले, "सरिताबाई, ढोल नाई, फटाके नाई, त मंग पब्लिक येईन काऊन?" पोट्टे हसले. मी म्हटलं, भैयाजी, तुम्ही फुटबॉल दाखवता की फटाके? भैयाजी टोपी शोधू लागले. मग रुखमाबाई मागून उठली, "माह्या घरातलं लेकरू हाये ते. एक सामना देत नसान त मंग पुढच्या साली या मंडपासाठी बांबू मागाले, मंग पायतो." तिच्या बांबूशिवाय ना गोलपोस्ट उभे राहतात ना मंडप. सामना मंजूर झाला.

टूर्नामेंटच्या आधीचा रविवार, सकाळची वेळ, गावातल्याच दोन टीम. पंच शिट्टीऐवजी लाल फडकं हलवणार. टाळ्या वाजवायच्या नाहीत, दुपट्टे हलवायचे. मोहाखाली चुन्याची रेघ मारून मुलांची जागा करायची आणि मागे धानाच्या तणसाचं खोपटं बांधायचं. कोणाला सहन झालं नाही तर त्यात जाऊन बसायचं, कोणी ओढायचं नाही. खोपट्याची अक्कल माझी बरं का! रीना मॅडमनी फोनवर ऐकून म्हटलं, असं तर मुंबईतही नसेल.

एक जण म्हणाला, मूल गावाहून साउंडवाला आणू, हळू आवाजात बोलेल. मी नाही म्हटलं. रीना मॅडमनीही विचारलं होतं, तिला कॉमेंट्री आवडते ना? मी म्हटलं, भोंगा म्हणजे कलकलाट, भोंगा नकोच. का म्हणून विचारू नकोस. दुसऱ्या कोणाचा आवाज त्या मैदानावर नको होता, आणि तुझा मी मागणार नव्हते.

अशा मुलांची अजून दोन घरं येणार आहेत. मूलचा चंदन आणि त्याची आई. आणि तुझ्या धानोऱ्याकडची मंगली, तिचा बाप झिंगू. माडिया आदिवासींचं गाव आहे त्यांचं, जंगलाच्या पार आत. झिंगू तुला ओळखतो. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, माझा भाऊ कसा आहे? म्हणाला, "बरा हाये बाई. पन माईकवर नाई बोलत. त्यासाठी दुसरा मानूस ठेवला हाये."

खरं आहे का हे?

दिव्यानीसाठी मी फोटो काढून पुठ्ठ्यावर चिकटवले. मैदान, खेळाडू, लाल फडकं, दुपट्टे, तणसाचं खोपटं आणि शेवटी आपलं घर. रोज ती ते ओळीनं मांडते. त्यातला मोहाचा फोटो उचलते, वरच्या भोंग्यावर बोट ठेवते आणि तुझ्या थाटात म्हणते, "थोड्याच वेळात सामना सुरू होत आहे." मला इतका आनंद झाला! तिला सगळं कळलं, असं मी तिच्या बाबांना फोन करून सांगितलं.

सरिता


१३ जानेवारी २०२५

भाऊ,

काल सामना झाला.

आधी हसायचं सांगते, कारण नंतरचं लिहायला हात उचलत नाही. मैदानाभोवती माणसंच माणसं आणि कोणाचा आवाज नाही. रस्त्यानं जाणारे गाड्या थांबवून हळूच विचारायचे, "कोन गेलं जी?" एका म्हाताऱ्यानं सायकल लावली, चपला काढल्या आणि हात जोडून उभा राहिला. त्याला पाहून त्याच्या मागचे चारपाच उभे राहिले. भैयाजी तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना सांगत फिरत होते, "कोनी नाई मेलं, फुटबॉल हाये, बसा." आपला गोलकीपर मुखरू रेघेजवळ येऊन मला म्हणाला, "बाई, मयतीत खेळून राह्यल्यासारखं वाटते." पण खेळला. सगळे मन लावून खेळले. पहिला गोल झाला तेव्हा सगळे दुपट्टे एकदम वर गेले, लाल, पिवळे, पांढरे, आणि आवाज म्हणून फक्त कापडाचा. चंदन उड्या मारत होता. तो दोनदा खोपट्यात गेला आणि दोन्ही वेळा आपणहून बाहेर आला. त्याची आई माझा हात धरून रडली. म्हणाली, पोरगा झाल्यापासून कुठलीच गोष्ट मी शेवटपर्यंत पाहिली नव्हती. मंगली बापाच्या खांद्यावरून खाली उतरलीच नाही, पण डोळे चेंडूवर.

म्हणजे सामना चांगलाच झाला, भाऊ. कोणालाही विचार.

दिव्यानीनं तो पाहिला नाही.

ती पहिल्यापासून ताठ बसली होती. कानपट्ट्या गळ्यात. तोंड मैदानाकडे नाही, वर, मोहाकडे. तुझ्या भोंग्याकडे. "थोड्याच वेळात सामना सुरू होत आहे. प्रेक्षकांनी रेषेच्या मागे बसावे." पुन्हा पुन्हा तेच. मी म्हटलं, अगं सुरू झाला, हा बघ चेंडू. तिनं माझं बोट खाली केलं. गोल झाला, मी तिचा चेहरा धरून वळवला, तिनं डोळे मिटून घेतले. "थोड्याच वेळात सामना सुरू होत आहे." रीना मॅडम चंद्रपूरहून आल्या होत्या. माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "सरिताताई, तिच्यासाठी तो सुरूच झालेला नाही."

तेव्हा मला कळलं. आपल्याला वाटतं चेंडू लाथाडला की सामना सुरू होतो. तिनं आजवर अख्खा सामना डोळ्यांनी पाहिला कुठे होता? तिचा सामना म्हणजे बांध्यांवरून येणारा तुझा आवाज. मी ढोल काढला, फटाके काढले, शिट्टी काढली आणि त्याच झाडूनं तिचा सामनाही काढून टाकला. सारं गाव माझ्या शब्दाखातर गप्प बसलं होतं आणि माझी पोरगी एकटी त्या गप्पपणात वाट पाहत होती.

सामना संपला. फडकं हललं, खेळाडूंनी हात मिळवले, पेपरवाल्यानं फोटो काढला. ती उठेना. मी घराचा पुठ्ठा दाखवला, तिनं तो पालथा घातला. शेवटी तिच्या बाबांनी उचललं, तर तिनं त्यांच्या दंडाला चावा घेतला आणि जी ओरडली, चंदन खोपट्यात पळाला. अख्ख्या शांत सामन्यात एकच आवाज झाला, तो माझ्या पोरीचा.

तू असतास तर, असं मी लिहिणार नाही.

सरिता


४ फेब्रुवारी २०२५

धनराजभाऊ,

हे पत्र मी मागायला लिहिते आहे. तुला हवं तर वहिनीला मोठ्यानं वाचून दाखव. मला लाज उरली नाही.

दिव्यानी रोज मैदानावर जाते. शाळेतून आली की दप्तर टाकते आणि मोहाखाली जाऊन बसते. चुन्याची रेघ केव्हाच पुसली, पण ती नेमकी रेघेच्या मागे बसते. अंधार पडेपर्यंत. गाई चरत जवळ येतात तरी हलत नाही. टूर्नामेंटमध्ये भैयाजींनी मूलचा साउंडवाला आणला, तेव्हा तर ती घरातसुद्धा कान दाबून खाटेखाली होती. टूर्नामेंट संपली, मंडप निघाला, आणि ही परत तिथेच.

आणि बाकीची वाक्यं गेली. हे तुला कसं सांगू? सामना सुरूच झाला नाही तर मध्यंतर कसं होणार? म्हणून ती भूक सांगत नाही. बाबा आले तर पाहुण्या संघाचं आगमन होत नाही. ते हेल्मेट हातात घेऊन अंगणात उभे राहतात, आणि ती त्यांच्या बाजूनं निघून जाते. एकच वाक्य उरलं आहे, थोड्याच वेळात. ती तिथे अडकून पडली आहे.

काय नाही केलं? भैयाजींच्या मुलाकडे तुझ्या जुन्या कॉमेंट्रीचं रेकॉर्डिंग होतं, ते फोनवर लावलं. तिनं फोन भिरकावला. आवाज हातातून येत नाही, झाडावरून येतो. मी स्वतः बोलून पाहिलं. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला, अगदी हळू, वेड्या माणसाला गप्प करावं तसा.

परवा दुपारी मला ताप होता. ती निघाली. मी ओढणीचं एक टोक तिच्या मनगटाला बांधलं, दुसरं माझ्या, आणि पडून राहिले. तिनं गाठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि इतक्या दिवसांनी दुसरं वाक्य बोलली, तुझ्या आवाजात. "कोनाची पोरगी हाये ते? तिले बांधून ठेवा."

मी गाठ सोडली. तापात तिच्या मागे मैदानावर जाऊन बसले. तू जे माईकवर म्हणालास ते मी माझ्या घरात, माझ्या हातानं केलं, भाऊ. आता तुझ्यावर रागवायची सोयसुद्धा राहिली नाही.

तिचे बाबा म्हणतात, क्वार्टरमध्ये नेऊ, दार लावून ठेवू, विसरेल. ते वाईट नाहीत. थकले आहेत. दर रविवारी नवा चावा घेऊन ड्यूटीवर जातात. महिनाअखेरपर्यंत बघू, मग घेऊन जातो, असं त्यांनी ठरवलं आहे. रीना मॅडम म्हणतात, तिला काहीतरी संपल्याचं कळायला हवं, तरच ती पुढे सरकेल.

पुन्हा सामना होणार नाही. भैयाजींना विचारलं, तर म्हणाले, "बाई, खेळनारे कुठी हायेत? अर्धे तिकडं तेलंगणात मिरची तोडाले गेले." खरंच आहे. सुरू करायला बावीस खेळाडू लागतात. संपवायला तुझा आवाज पुरे.

आणि गंमत अशी, की शेवटी तू काय म्हणतोस ते आमच्या घरात कोणालाच येत नाही. शेवटी फटाके फुटायचे म्हणून मी दर वर्षी तिला आधीच आतल्या खोलीत न्यायचे, दार लावायचे, कानांवर उशी धरायचे. तिला तुझी सारी वाक्यं पाठ आहेत, ते एक सोडून. सामना संपला की पब्लिकला तू घरी कसं पाठवतोस? ते एक वाक्य त्या झाडावरून म्हण. बाकी काही नको. माझ्या घरी येऊ नकोस, माझ्याशी बोलू नकोस, पाणी पिऊ नकोस. त्या मैदानावर ये.

सरिता


२४ फेब्रुवारी २०२५

भाऊ,

काल तू आलास. माझ्याशी बोलला नाहीस, म्हणून लिहिते.

तुझी गाडी आणि मागे बांधलेली बॅटरी पाहिली तेव्हा मी अंगणात तांदूळ पाखडत होते. सूप तसंच टाकून धावले. तू बारीक झालास. केस पांढरे होऊ लागलेत. झाडावर चढताना गुडघ्यावर हात ठेवलास, पूर्वी माकडासारखा चढायचास. भोंग्यातून चिमण्यांच्या काड्या काढल्यास आणि त्या खाली न टाकता फांदीच्या बेचक्यात ठेवल्यास. हे मी पाहिलं.

दिव्यानी तिथेच बसली होती. तिनं तुझ्याकडे पाहिलंच नाही, तू तिच्यासाठी कधी माणूस नव्हतासच. तू आवाज आहेस. वायर जोडलीस, माईकवर बोट टकटक केलंस, आणि तिची पाठ ताठ झाली.

तुझा आवाज लागत नव्हता आधी. वर्षभर बोलला नाहीस, झिंगू खरं सांगत होता. मग तू खाकरलास आणि म्हणालास, हळू, भोंगा जेमतेम ऐकू येईल इतकं, "रसिक प्रेक्षकहो, आजचा सामना इथे संपलेला आहे. दोन्ही संघ चांगले खेळले. प्रेक्षकांनी शांतता राखली, त्याबद्दल कमिटी त्यांची आभारी आहे." इथे थांबलास. मला वाटलं, संपलं. पण पुढे म्हणालास, "या ठिकानी माझी भाची दिव्यानी बसलेली आहे. माझ्या बहिणीची पोरगी. तिनंही आता घरी जावे. सर्वांनी सुखरूप घरी जावे. हा माईक आता बंद होत आहे."

फायनलला कोनाची पोरगी म्हणालास तेव्हा सारं गाव ऐकत होतं. काल मैदानावर गाई होत्या, रुखमाबाई होती आणि मी. तरी तू म्हणालास. मी रडले ते तुला दिसू नये म्हणून पदर घेतला, पण तुला दिसलंच असेल.

खट् असा बटणाचा आवाज आला. दिव्यानी उठली. मागचं धूळ-गवत झटकलं, माझं बोट धरलं आणि घराकडे चालू लागली. एवढंच. इतके दिवस तिला उचलून, ओढून, चावे खाऊन आणत होतो. ती आपल्या पायांनी आली, हात धुतले, पानावर बसली आणि जेवली. मी दारात जाऊन तुला हाक मारणार होते. तू भोंगा गाडीला बांधून निघाला होतास. लोटाभर पाणी घेऊन रुखमाबाई रस्त्यापर्यंत गेली, तर तू तिलाही हात जोडलेस म्हणे.

पाणी पिऊ नकोस, असं मीच लिहिलं होतं. तू ते शब्दशः घेतलंस, भाऊ. आपल्या घरात सगळे असेच आहेत.

भाऊबीजेला येशील का, हे आत्ता विचारत नाही. उपकार झाले, हे मात्र लिहिते.

सरिता


४ एप्रिल २०२५

धनराजभाऊ,

मोह गळतो आहे. पहाटे बायका टोपल्या घेऊन मैदानावर येतात, सारं गाव गोड गोड वासानं भरलं आहे. दिव्यानीही माझ्याबरोबर येते आणि फुलं वेचते. ज्या जागेवर ती बसायची तिथली फुलंही वेचते आणि पुढे सरकते. तिच्यासाठी ती आता नुसती जागा आहे.

सगळे म्हणतात, पोरगी शांत झाली. भैयाजींनी टोपी काढून माझं अभिनंदन केलं. तिचे बाबा खूष आहेत, क्वार्टरमध्ये न्यायचं बोलत नाहीत. चावे नाहीत, ओरडणं नाही. सांगितलं की उठते, सांगितलं की निजते. रुखमाबाई तेवढी काही म्हणत नाही. ती येऊन दिव्यानीजवळ बसते, तिच्या तोंडाकडे पाहते आणि जाते.

तू गेलास त्या दिवसापासून दिव्यानी बोललेली नाही.

आधी मला वाटलं, दमली असेल. उद्या "मध्यंतर झालेले आहे" म्हणेल. मी मुद्दाम जेवायला उशीर केला. ती चुलीपाशी येऊन बसली, वर चढवलेल्या भाताच्या गंजाकडे पाहत. बोलली नाही. न्हायला ओढलं, पंचांचा निर्णय आला नाही. रविवारी तिच्या बाबांनी गाडीचा भोंगा वाजवला, हेल्मेट काढलं, हात जोडले. तिनं दार उघडलं आणि आत गेली. ते तसेच हात जोडून उभे होते, आणि मला त्यांच्याकडे पाहवेना.

काल मी वेड्यासारखं केलं. मुद्दाम ओढणी काढली आणि तिच्या मनगटाला बांधली. म्हटलं, निदान ते तरी म्हण. कोणाची पोरगी आहे ते तरी विचार. ते वाक्य ऐकून मी वर्षभर जळले होते, आणि काल त्याच्यासाठी तिच्या पुढ्यात गुडघे टेकून बसले. तिनं गाठ पाहिली आणि हात तसाच पुढे धरून ठेवला. कितीही वेळ धरला असता. मीच सोडला.

रीना मॅडम म्हणतात, वाट पाहा, कधी कधी परत येतं. त्या हे माझ्याकडे न पाहता म्हणाल्या.

मला वाटायचं तिचं बोलणं म्हणजे तुझी नक्कल. तसं नव्हतं रे. भूक तिची होती, हसणं तिचं होतं, बाप तिचा होता. फक्त माईक तुझा होता, आणि तो बंद होत आहे असं तू सांगितलंस. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं.

तुला परत बोलावत नाही. बोलावून काय करू? आज पहाटे बायका वेचत होत्या तेव्हा मी मोहाखाली उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, थोड्याच वेळात सामना सुरू होत आहे. बायकांनी माना वर केल्या. रुखमाबाईनं टोपली खाली ठेवली. दिव्यानी माझ्या पायांजवळचं फूल उचलून पुढे गेली. वर झाडावर, जिथे भोंगा होता, तिथे तारेचा वळ राहिला आहे आणि तू बेचक्यात ठेवलेल्या काड्यांत चिमणी बसली आहे.

तू स्वतःला दोष देशील, मला ठाऊक आहे. देऊ नकोस, म्हणून हे पत्र. मी तुझ्याकडे एकच वाक्य मागितलं होतं, भाऊ. तू ते फार चांगलं म्हणालास.

सरिता